लिफ्टमामांचं पोट आणि मशिनरूमचं झाकण

लिफ्टमामांना सोडवायला अग्निशमन दलाचा बंब आला, जवानांनी गच्ची फोडली आणि मामांना दोरखंडाने उचलून खाली ठेवलं, ही बातमी आमच्या बिल्डिंगमधून निघून कोपऱ्यावरच्या बेकरीत पोचली, तेव्हा मामा स्वतः त्याच बेकरीत पाव घ्यायला उभे होते. बेकरीवाल्याने ती त्यांनाच रंगवून सांगितली. मामांनी शांतपणे विचारलं, "मग, माणूस वाचला का?"

"माणूस वाचला हो," बेकरीवाला म्हणाला, "पण गच्ची गेली."

तर आधी गच्चीचं सांगून टाकलेलं बरं. ती आहे तिथेच आहे. बंब आला नव्हता, दोरखंडही नव्हता. फोडण्यासारखं त्या दिवशी काही फुटलंच असेल तर ते वॉचमनचं नाक, आणि तेही थोडंसंच.

झालं होतं ते असं. जुन्या इमारतींमध्ये लिफ्टचं मशीन सगळ्यात वर, एका बुटक्या खोलीत असतं. त्या मशिनरूमला दार नसतं. शेवटच्या मजल्यावर भिंतीला लोखंडी शिडी, शिडीच्या टोकाला चौकोनी भोक आणि भोकावर पत्र्याचं झाकण. मेकॅनिकने शिडी चढायची, डोक्याने झाकण ढकलायचं आणि घुशीसारखं वर निघायचं. लिफ्टमामा वर्षानुवर्षं निघत आले होते. त्या दिवशी मात्र ते अर्धेच निघाले. डोकं आणि हात मशिनरूममध्ये, पाय शेवटच्या मजल्यावर आणि पोट चौकटीत. वर जाता येईना, खाली येता येईना. दुर्दैव असं की त्याच दिवशी लिफ्टची तपासणी होती. सरकारी तपासनीस आणि कंपनीचे साहेब शिडीखालीच उभे होते. कंपनीतल्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकचं त्यांना जे दर्शन झालं, ते बुटांचं आणि टाचेला विरलेल्या एका मोज्याचं. शेवटी वॉचमनने कंबरपट्टा कापला. आधी पान्यांची पिशवी पडली, मागून मामा पडले. वॉचमनच्या नाकाचं कारण हे.

"पट्टा अडकला होता," मामा सगळ्यांना सांगत होते. पट्टा कापल्यावर सुटले म्हणजे पट्टाच अडकला होता, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या मामींनी, एवढंच विचारलं, "आणि पट्ट्याच्या आत काय होतं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मामांना बोलावून घेतलं. साहेबांच्या खोलीत भिंतभर सुविचार लावलेले आहेत आणि साहेब बोलतातही भिंतीवर लावल्यासारखंच.

"मामा, तुम्ही या कंपनीचे आधारस्तंभ आहात," साहेब म्हणाले. "पण स्तंभ किती जाड असावा, यालाही काही मर्यादा असते."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी एक कोच ठरवला होता. मामांनी त्याचं ऐकायचं, पोट उतरवायचं आणि पुढच्या तपासणीला सगळ्यांसमोर त्या झाकणातून वर जाऊन दाखवायचं. नाही जमलं, तर तक्रारींच्या फोनपाशी खुर्ची रिकामी होतीच.

ती खुर्ची कंपनीत सगळ्यांना ठाऊक होती. पाणी प्यायच्या जागेशेजारी, समोर भिंत, बाजूला फोन. तिच्यावर बसणाऱ्याने दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि प्रत्येक शिवीला "नोंद केली आहे" म्हणायचं. आधी तिथे बसणारा गृहस्थ निवृत्त झाला, पण त्याची बायको सांगते, अजून तिने स्वयंपाकघरातून काही हाक मारली की तो बाहेरून "नोंद केली आहे" म्हणतो आणि जागचा हलत नाही.

मामांना ती खुर्ची नकोच होती. अडकलेल्या लिफ्टचं दार दोन्ही हातांनी फाकवून उघडायचं आणि आतल्या माणसाचा चेहरा बघायचा, या एका क्षणासाठी हा माणूस जगत आला होता. दार उघडलं की आतला माणूस मामांकडे ज्या नजरेने बघतो, तशा नजरेने लग्नातसुद्धा कुणी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. मामीच तसं सांगतात. फोनवरून चेहरा कसा दिसणार? मामांनी कोच कबूल केला.

कोच घरी आला तो हातात बादलीएवढी पाण्याची बाटली घेऊन. वयाने मामांच्या निम्मा, अंगाने पावपट, केस उभे. मामी कोपऱ्यात शिलाई मशीनवर कुणाची तरी पँट कमरेत सैल करत बसल्या होत्या. कपडे बेतात बसवून द्यायचं काम त्या घरीच करतात.

"चॅम्पियन, तुम्ही जेवता का?" कोचने विचारलं.

मामांना प्रश्नच कळला नाही. "म्हणजे काय? माणूस आहे मी."

"चूक. तुम्ही जेवत नाही, तुम्ही इंधन भरता."

मशीनवरून मामी म्हणाल्या, "मग आधी टाकी बघून घ्या, मास्तर."

कोचने टाकी बघितली. मामांना वजनकाट्यावर उभं केलं, काट्याकडे बघून स्वतःच एक दीर्घ श्वास घेतला आणि नियम सांगितले. काकडी भरपूर. भाजी उकडलेली. पाव विसरायचा, लोणी तर ओळखायचंसुद्धा नाही. घास चावायचा, आणि चावून झाला असं वाटलं की पुन्हा चावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटो. "ताटात जे काही पडेल, त्याचा फोटो आधी मला. मग घास. ताटातली एकही गोष्ट माझ्यापासून लपवायची नाही. शब्द द्या."

मामांनी शब्द दिला. मामांचा शब्द म्हणजे शब्द. पण मामा आयुष्यभर लिफ्टच्या कायद्यात वाढलेले. लिफ्टमध्ये वजन किती हे केबिनमधली माणसं मोजून ठरतं, बाहेर रांगेत कोण उभं आहे ते त्यात धरत नाहीत. तोच कायदा त्यांनी ताटाला लावला. ताटातलं ते सगळं कोचचं. ताटाबाहेरचं काय, ते कोचने विचारलं नव्हतं आणि मामांनीही उगाच विषय काढला नाही.

कोचच्या फोनवर फोटो येऊ लागले, आणि काय ते फोटो! काकडीच्या चकत्या अशा गोल मांडलेल्या की खायच्या की भिंतीवर लावायच्या असा प्रश्न पडावा. उकडलेली भाजी मधोमध, तिच्यावर लिंबाची फोड. कोच हरखून गेला. त्याने ते फोटो इतर गिऱ्हाइकांनाही दाखवले. "याला म्हणतात शिस्त!" मामींनी त्याचं नाव काकडीमास्तर ठेवलं आणि काकडी चिरायचं काम मामांच्याच गळ्यात घातलं.

कोचने मग दुसरा हुकूम सोडला. लिफ्ट वापरायची नाही, जिना चढायचा. मामांना हे फार लागलं. डॉक्टरला कुणी सांगावं की औषध तेवढं घेऊ नका, तसंच हे. पण खुर्ची डोळ्यांसमोर आली आणि सकाळी सकाळी मामा धापा टाकत जिना चढू लागले. बिल्डिंगमधल्या लोकांनी ते पाहिलं. लिफ्टमामा स्वतः जिन्याने चाललेत? म्हणजे लिफ्टचं काही खरं नाही! तळमजल्यावर लिफ्ट दार उघडून उभी, आत दिवा, पंखा चालू, आणि लोक मात्र पिशव्या सावरत मामांच्या मागून रांगेने जिना चढताहेत. तिसऱ्या मजल्यावर मोठ्या बाई राहतात. एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, अजूनही सगळ्या बिल्डिंगला वर्गातच धरतात. त्यांनी कठड्याला टेकून मामांना थांबवलं.

"खरं सांग, दोर तुटायला आलाय ना?"

"नाही हो बाई, दोर ठणठणीत आहे. मी वजन उतरवतोय."

"अरे, तुझं वजन उतरवायला आम्हाला कशाला जिना चढवतोस?"

तेव्हापासून मामांनी जिन्याच्या पहिल्या पायरीशी पाटी लावली, 'लिफ्ट चालू आहे'. ती वाचून उरलेसुरलेही जिन्याने जाऊ लागले, कारण चालू असलेल्या लिफ्टला अशी पाटी लागते कशाला?

एवढं सगळं करून मामांची पँट मात्र आहे तिथेच होती. मामींचा वजनकाट्यावर विश्वास नाही. त्या शिवणीवर बोट फिरवून माणसाचं काय चाललंय ते सांगतात. मामांच्या पँटची शिवण होती तशीच ताठ ताणलेली. कोचही गोंधळला. ताट बघावं तर आदर्श, काटा बघावा तर ढिम्म. शेवटी त्याने निदान केलं, "चॅम्पियन, तुमचं शरीर घाबरलंय. ते चरबीला सोडायला तयार नाही. रोज सकाळी आरशात बघून त्याला सांगा, घाबरू नकोस, तू सुरक्षित आहेस."

मामांनी सांगून पाहिलं. पलीकडून मामींचा आवाज आला, "ते सुरक्षितच आहे हो. धोका पँटला आहे."

शरीर घाबरलं नव्हतं. शरीराचं छान चाललं होतं. मामांच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे, आणि सगळी गोम तिथेच. अडकलेल्या लिफ्टमधून सुटलेला माणूस जे खायला देईल त्याला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर लिफ्ट रुसते आणि त्याच माणसाला घेऊन पुन्हा अडकते. मामांना हे त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं. उस्तादांनी हा रिवाज इतका मनापासून पाळला की निरोपसमारंभात त्यांना खुर्चीतून उठवायला तिघे लागले, आणि खुर्ची तरीही सोबत आली. शिवाय मेकॅनिकचे हात ग्रीसने काळे झालेले असतात, म्हणून देणारा बहुतेक वेळा घास थेट तोंडातच घालतो. म्हणजे ताट नाही, वाटी नाही, हातसुद्धा नाही. फोटो काढायचा तरी कशाचा? उघड्या तोंडाचा?

आणि मामांच्या लिफ्ट अडकत तरी किती! पाच-सात इमारती त्यांच्याकडे होत्या आणि रोज कुठे ना कुठे कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत असायचंच. त्या नेमक्या दुपारच्या चहाच्या वेळेला अडकतात असंही काही लोक म्हणायचे, पण लोकांना काय, काहीही बोलतात.

एक दिवस मोठ्या बाई जिन्याला कंटाळून लिफ्टमध्ये शिरल्या आणि अडकल्या. मामा धावले. सोबत त्यांचा जोडीदार, ज्याला सगळे काडी म्हणतात. काडी पन्नाशीचा आहे, पण दोन कपाटांच्या फटीतून निघेल. मामा झाकणात अडकल्यापासून वर चढायचं काम काडीचं. त्याने मशिनरूममध्ये जाऊन हाताने चाक फिरवायचं आणि लिफ्ट मजल्याच्या पातळीला आणायची. मामा खाली दाराशी.

"बाहेर कोण आहे?" आतून बाईंचा आवाज.

"मी, बाई. मामा."

"अरे, कधीची उभी आहे मी इथे!"

"बाई, खोल श्वास घ्या. शरीराला सांगा, घाबरू नकोस, तू सुरक्षित आहेस."

"शरीराला कशाला सांगू? तुलाच सांगते, दार उघड!"

दार उघडलं. बाईंचा चेहरा उजळला, मामांचाही उजळला. दोन मिनिटांत बाई घरातून केकचा जाडजूड तुकडा घेऊन आल्या. "आ कर." मामांनी आ केला. "अजून एक. मोठा कर, एवढ्याशा फटीतून केक जातो का?" तेवढ्यात काडी शिडी उतरून आला. अंगभर जळमटं, कपाळावर घाम. ताटली रिकामी होती.

"वर घाम मी गाळतो," काडी म्हणाला, "आणि खाली आ हे करतात."

हे त्याने मामांनाच ऐकवून सोडलं असतं तर भागलं असतं. पण तो त्याच संध्याकाळी स्वतःच्या पँटची चेन बदलायला मामींकडे गेला.

मामा घरी आले तेव्हा मामींनी मशीन थांबवलेलं होतं. मशीन थांबवून मामी बोलतात तेव्हा बिल्डिंगमधली मांजरंही जिन्यात दबकून बसतात.

"आज ताटात काय होतं?"

"काकडी. फोटो पाठवलाय की."

"आणि ताटाबाहेर?"

 मामींनी मामांची सगळ्यात मोठी पँट उलटी करून टेबलावर पसरली. शिवणीच्या आत जेवढं कापड सोडायला असतं तेवढं सगळं सोडून झालं होतं. काठाला नुसते दोरे.

"हे बघा. सोडायला कापड उरलं नाही. आता तुम्ही खा नाहीतर काही करा, माझ्या हातात काही नाही. त्या फोनच्या खुर्चीत बसा आरामात. तिथे उभं राहायचंच नाही, म्हणजे पँट फाटलेली कुणाला दिसणारही नाही."

"अगं, पण रिवाज आहे तो! नाही म्हटलं की लिफ्ट रुसते."

"बायको रुसली तर चालते, लिफ्ट रुसलेली चालत नाही."

मामांनी कानाला खडा लावला. दुसऱ्याच दिवशी परीक्षा आली. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर अडकले. मामांनी त्यांना सोडवलं आणि डॉक्टरांनी क्रीमने थबथबलेली पेस्ट्री पुढे केली. मामांनी छातीवर हात ठेवला. "नको, डॉक्टर."

"अहो, मी दातांचा डॉक्टर असून देतोय!" डॉक्टरांना ते इतकं लागलं की मामांना त्यांच्याकडे बघवेना. ते खाली मान घालून, हत्यारं कशीबशी गोळा करून तिथून सटकले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच डॉक्टर, त्याच लिफ्टमध्ये, त्याच दोन मजल्यांच्या मध्ये पुन्हा अडकले. दवाखान्यात एक पेशंट तोंड उघडून त्यांची वाट बघत होता. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. उस्ताद खोटं बोलले नव्हते.

घरी येऊन त्यांनी हे मामींना सांगितलं, म्हणजे जवळजवळ रडतच सांगितलं. "बघितलंस? रुसली ना?"

"रुसली नाही," मामी म्हणाल्या. "काडी सांगून गेला मला. दाराच्या खाचेत खडा होता. काल काम अर्धवट टाकून पळालात, खडा तसाच राहिला, आज दार पुन्हा त्याच्यावर अडलं."

 मामींनी सुईत दोरा ओवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "समजा, कुणी अडकलंच नाही तर?"

"म्हणजे?"

"खडा आधीच काढला तर. कुणी अडकणार नाही, कुणी सुटणार नाही, कुणी तोंडात काही घालणार नाही."

 मामा म्हणाले, "मग मला बोलावणार कोण?"

एवढ्या वर्षांत मामांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात खरं वाक्य होतं, असं मामी सांगतात. त्या हसल्या नाहीत. "ते तुम्ही ठरवा," म्हणाल्या. "दारात आ करून उभं राहायचं, की वर मशीनपाशी जायचं. दोन्ही नाही जमणार. त्या भोकातून तर नाहीच."

ती रात्र मामांनी कूस बदलण्यात घालवली. सकाळी उठले, काकडी खाल्ली, फोटो पाठवला आणि काडीला घेऊन बाहेर पडले. त्या दिवसापासून मामांनी जे काम सुरू केलं, त्याला लिफ्टच्या भाषेत देखभाल म्हणतात. ती दर महिन्याला करायची असते, आणि कंपनीच्या कागदावर ती दर महिन्याला होतही होती. फक्त लिफ्टला तसं कुणी कळवलं नव्हतं.

मामांनी दारांच्या खाचा साफ केल्या. त्यांतून खडे निघाले, केसांच्या पिना निघाल्या, बटणं निघाली आणि दातांच्या डॉक्टरांच्या मजल्यावर कुणाचा तरी एक दात निघाला. झिजलेले रोलर बदलले. दार लावताना जिथे वीज जोडली जाते ती टोकं घासून चकचकीत केली. मशीनच्या ब्रेकचं काम असलं की काडी वर जायचा आणि मामा शिडीखालून ओरडून सांगायचे, "डावीकडचा स्क्रू! तुझी डावी नाही, मशीनची डावी!" काडी कुरकुरला, मग गप्प बसला, कारण चाक फिरवण्यापेक्षा स्क्रू पिळणं बरं.

हळूहळू लिफ्ट अडकायच्या थांबल्या.

लोकांना पहिल्यांदा ते कळलंच नाही. चालणाऱ्या लिफ्टकडे कोण बघतं? मामा दारापाशी कापड घेऊन वाकलेले असायचे आणि लोक त्यांच्या डोक्यावरून बटण दाबून निघून जायचे. डॉक्टर फोनवर बोलत शेजारून गेले, ओळखही दिली नाही. एकाने तर "जरा सरका हो," म्हटलं. मामा सरकले. ती भूक काकडीने भागणारी नव्हती. चौथ्या मजल्यावर दार उघडून आत कुणी नाही हे माहीत असताना मामा उगाच आत डोकावून "घाबरू नका" म्हणाले, असं काडीने पाहिलं आहे.

एक दिवस मोठ्या बाईंनी मात्र त्यांना हटकलं. "काय रे, आजारी आहेस का? हल्ली अडकत नाही मी."

"नाही बाई, दुरुस्ती करतोय."

"मग इतकी वर्षं काय करत होतास?"

मामांनी कापड उचललं आणि पुढची खाच पुसायला घेतली. त्या संध्याकाळी मामींनी त्यांच्या पँटच्या शिवणीवर बोट फिरवलं, भुवया उंचावल्या आणि किती तरी वर्षांनी त्या पँटला आतल्या बाजूने टाचणी लावली. मग महिन्यागणिक टाचणी सरकत गेली. कंबरपट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली.

कोच आनंदाने वेडा झाला. त्याने सिद्धान्त मांडला, "शरीराची भीती गेली!" त्याच्या हिशेबाने आरशातल्या बोलण्याचा हा परिणाम. मामांनी मान हलवली. आणि कोचला अगदीच मोडीत काढायचं कारण नाही. घास चावत बसायची सवय त्याचीच. काकडी तर आता मामांना खरोखरच आवडू लागली होती, फक्त हे ते मामींसमोर कबूल करत नव्हते.

तपासणीचा दिवस उजाडला. शेवटच्या मजल्यावर ही गर्दी. तपासनीस आला, साहेब आले. कोचने फोन तिपाईवर लावून शिडीकडे रोखला. मोठ्या बाई खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत. वॉचमन या वेळी शिडीपासून लांब, भिंतीला चिकटून उभा. मामी आल्या नव्हत्या, म्हणजे जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या आणि आपण आलोच नाही असं दाखवत होत्या.

मामा शिडी चढले. डोक्याने झाकण ढकललं. डोकं गेलं, खांदे गेले, छाती गेली. पोटाची वेळ आली आणि मामा थांबले.  पाय हवेत नुसते लटकत होते. साहेबांच्या डोळ्यांसमोर बहुधा कार्यालयातली ती फोनजवळची खुर्ची आली.

"शरीराला सांगा, चॅम्पियन!" कोच ओरडला.

"शरीराला नको सांगू," बाई गरजल्या, "श्वास सोड, मूर्खा!"

मामांनी श्वास सोडला. बूट एकदा झटकले आणि दिसेनासे झाले. वरून पत्र्यावर धपकन बसल्याचा आवाज आला. मग मशीन घुमू लागलं. काडी सांगतो, तो मागून चढून वर गेला तेव्हा मामा मशीनच्या अंगावर हात ठेवून बसले होते आणि डोळ्यांत काहीतरी गेलंय म्हणत होते. धूळ असते तिथे, जात असेल.

टाळ्या झाल्या. तपासनिसाने सही केली. मामा खाली आले तसे साहेब पुढे झाले. त्यांनी मामांचा हात हातात घेतला, कोचला कॅमेरा चालू ठेवायची खूण केली आणि भिंतीवर लावण्यासारखं भाषण केलं. एवढा मोठा विजय एकट्या शिडीपुरता राहू नये, कंपनीतल्या सगळ्यांना मिळावा. म्हणून उद्यापासून मामांनी शिड्या चढायचं थांबवावं आणि कार्यालयात बसून सगळ्यांना वजन कसं उतरवायचं ते सांगावं. मोठ्या हुद्द्याचं नावही त्यांनी ठरवून आणलं होतं, आरोग्यदूत. बसायची व्यवस्था झालेली होती. पाणी प्यायच्या जागेशेजारची ती खुर्ची नाहीतरी रिकामीच आहे. आणि हल्ली लिफ्ट अडकत नसल्यामुळे फोनही फारसा वाजत नाही, वाजलाच तर तेवढा मामांनी उचलावा.

कोचने टाळ्या वाजवल्या. बाकी कुणी वाजवल्या नाहीत. जिन्याच्या वळणावर मामींनी तोंडाला पदर लावला, हसू दाबायला की आणखी कशाला ते कळलं नाही. मामांनी साहेबांचा हात सोडला, कंबरपट्टा पोटावर नीट बसवला आणि पान्यांची पिशवी खांद्याला लावली. आरोग्यदूताची जागा आजपर्यंत रिकामी आहे आणि मामा आजही त्या झाकणातून वर जातात. त्या दिवशी सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासकट, ते साहेबांना म्हणाले ते असं,

"साहेब, शेवटी खुर्चीतच बसवायचं होतं, तर इतके महिने उपाशी कशाला मारलंत?"